साडेबाराचं निम्मं

बारावी सायन्सच्या घरात फिजिक्सचा अभ्यास चालू असला की माणसं चवड्यांवर चालतात. मॅथ्स चालू असलं की टीव्ही गप्प होतो आणि पाहुण्यांना "पोरीची परीक्षा आहे" असं सांगून जिन्यातूनच परत पाठवता येतं. इंटिग्रेशनबद्दल आमच्या घरात कोणाचंही मत नाही. केमिस्ट्रीतला एखादा मोल इकडचा तिकडे झाला तर आमच्या सात पिढ्यांना पत्ता लागणार नाही. बायोलॉजीचं तसं नाही. यकृत प्रत्येकाला आहे. मूत्रपिंडं तर प्रत्येकाला दोन-दोन आहेत. ज्याच्या मालकीची वस्तू, त्याला तिच्याबद्दल बोलायचा हक्क, असं आमचं गाव मानतं. आणि जी वस्तू आपण पंचाहत्तर वर्षं वापरतोय, तिच्याबद्दल सतरा वर्षांच्या पोरीने आपल्याला शिकवावं हे तर अजिबात मानत नाही.

गाव म्हणजे बोनकोडे. कोपरखैरण्याचे सेक्टर बघत सरळ रेषेत चाललेला रस्ता जिथे एकदम वळवळायला लागतो आणि रिक्षावाला "आत नाय जाणार" म्हणतो, तिथे आमचं गावठाण सुरू होतं. १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी घेऊन शहर वसवायला निघाली. भातशेती गेली, मिठागरं गेली, घरं राहिली. बाजूला सरकायला जागा नाही म्हटल्यावर घरं वर गेली. आमच्या चार मजल्यांवर एकच कुटुंब थरांथरांनी राहतं आणि कोणत्या मजल्यावर आज काय शिजतंय हे जिन्यातल्या वासावरून कळतं. पुतणीच्या पुस्तकात याला पॉप्युलेशन डेन्सिटी म्हणतात.

तिने अकरावीला पीसीबी घेतलं आणि घरात चार्ट आले. पहिला वाद जागेचा झाला. हॉलमधली एकच भिंत मोकळी, आणि तिच्यावर कार्ल्याच्या एकवीरा आईचा फोटो. पुतणीने फोटोच्या डाव्या हाताला उत्सर्जन संस्था लावली. आमच्या आईने ती त्याच संध्याकाळी काढून जिन्यात नेली. देवीशेजारी हृदय चालेल, मेंदू चालेल, डोळा तर चालेलच, पण मूत्रपिंड चालणार नाही, असा निकाल लागला. तेव्हापासून वर येणारा प्रत्येक पाहुणा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नेफ्रॉनला भेटूनच येतो. गॅस सिलेंडरवाल्याला हेन्लेचा लूप पाठ झाला असावा.

पचनसंस्थेच्या चार्टवर आबांचा आक्षेप तत्त्वाचा होता. आबांना गेली कित्येक वर्षं पाठीत गॅस धरतो. पुतणीने त्यांना चार्टसमोर उभं केलं आणि पट्टी घेऊन दाखवलं: हे तोंड, ही अन्ननलिका, हे जठर, हे लहान आतडं, हे मोठं. अन्नाचा सगळा रस्ता हा असा. पाठीत यातलं काहीच जात नाही, तेव्हा पाठीत गॅस अडकणं शक्य नाही.

आबांनी चार्ट वरून खालपर्यंत पाहिला. म्हणाले, "तुज्या चार्टान नसंल. माज्या पाठीन हाय."

शास्त्र आणि अनुभव यांचा हा खटला अजून चालू आहे. मराठी घरातलं शरीरशास्त्र स्वयंपूर्ण आहे. त्यात पित्त डोक्यात चढतं, नसेवर नस चढते, वारा सांध्यात शिरतो आणि नजर पोटाला लागते. बालभारतीने यातल्या एकाही घटनेची दखल घेतलेली नाही. पुतणी म्हणते, पित्त यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात साठतं, डोक्याकडे जायला त्याला वाटच नाही. आई म्हणते, मग उलटी झाल्यावर डोकं का उतरतं? यावर बोर्डाच्या ७० गुणांत उत्तर नाही आणि प्रॅक्टिकलच्या ३० गुणांतही नाही.

गंमत अशी की घरात तिचं कोणी ऐकत नाही आणि गावात मात्र सगळे तिच्याकडे येतात. नीटच्या ७२० गुणांतले ३६० बायोचे असतात हे आमच्या गल्लीला आता पाठ आहे, आणि ज्या मुलीने नीटचा क्लास लावला ती अर्धी डॉक्टर झालीच, असा हिशेब त्यातून निघतो. संध्याकाळी कोणी रक्ताचा रिपोर्ट घेऊन येतं, कोणी एक्स-रे उन्हाकडे धरून उभं राहतं. क्रिएटिनिन म्हणजे काय एवढं ती सांगू शकते. गोळी बंद करू का, हे ती सांगू शकत नाही, आणि तसं म्हणाली की शेजारची काकू समजूतदारपणे मान हलवते: "लगेच नाय सांगत, डॉक्टर झाली ती आता." पहिल्या सराव परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच तिच्या वाढदिवसाच्या बॅनरवर कोणीतरी स्टेथोस्कोप छापून आणला. बॅनरवर इतर तेहतीस शुभेच्छुकांचे फोटो होते. हिचा सगळ्यांत लहान होता.

बारावीच्या पुस्तकात दुसराच धडा प्राण्यांच्या प्रजननाचा आहे. हा क्रम कोणी लावला ते माहीत नाही, पण एकत्र कुटुंबाचा विचार करून लावलेला नाही. जून-जुलैचा पाऊस, सगळे घरात, खिडक्या बंद, आणि पुतणीला मोठ्याने घोकल्याशिवाय लक्षात राहत नाही. पहिल्या ओळीला दादाने टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या परिच्छेदाला त्याला खाली बाईक भिजतेय की काय ते बघायचं होतं. मला बँकेचं पासबुक आठवलं. आई मात्र भाजी निवडत जागची हलली नाही. तिची तिन्ही बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातची. या धड्यातलं तिला काहीच नवीन नव्हतं. नाळ नीट काढली आहे का, एवढं तिने आकृतीत पाहिलं. मग तिने विचारलं, दिवस किती लिहिलेत? पुतणीने वाचलं, शेवटच्या पाळीपासून मोजले तर सुमारे २८०. आई नऊ महिने नऊ दिवसवाली. तीसचा महिना धरला तर २७९ होतात. एका दिवसाचा फरक होता, तो तिने छपाईची चूक समजून सोडून दिला.

पण बोनकोड्याच्या पोरीची खरी सद्दी अकरावीच्या प्राणिसृष्टीच्या धड्यात असते. घाटावरची मुलं स्कोलिओडॉन हा शब्द पाठ करतात. आमच्याकडे ती मुशी. प्रयोगशाळेतल्या फडताळात फॉर्मेलिनच्या बरणीत एक मुशी वर्षानुवर्षं नाक खाली करून उभी आहे, तिच्याशेजारी पाकट, त्यापुढे माकूल, कोलंबी, खेकडा. स्पॉटिंगच्या दिवशी दहा बरण्या मांडतात आणि ओळखा म्हणतात. पुतणीने त्यातले सात प्राणी जेवलेले होते.

घरी येऊन तिने मुशीची गोष्ट सांगितली. आई म्हणाली, "कवऱ्याला घेतली?"

विकत नाही, बरणीत ठेवलीय, बघायला.

"बाटलीन भरून ठेवली? मंग खातान कवा?"

पुतणीने धीर न सोडता समजावलं की मुशीचा सांगाडा हाडांचा नसतो, कूर्चेचा असतो, म्हणून तिचा वर्ग वेगळा, काँड्रिक्थीज. आई म्हणाली, काटा नसतो म्हणून तर लहान पोरांच्या ताटात मुशी वाढतात आणि बाळंतिणीलाही देतात. इथे दोघींचं एकमत झालं आणि मला वाटलं आता शास्त्राला बरे दिवस येणार. तसं झालं नाही, कारण पुढच्याच आठवड्यात वर्गीकरण जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचलं.

रॉबर्ट व्हिटेकरने १९६९ साली सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या. आमच्या आईच्या चार आहेत: रश्शाचे, तळायचे, सुकवायचे आणि मांजराचे. या पद्धतीत सगळं बसतं, बोंबील तर तीन ठिकाणी बसतो, आणि आजवर कोणाचे गुण कापले गेलेले नाहीत. माकूल आणि तिसऱ्या एकाच संघातल्या, मोलस्का, हे पुतणीने सांगितलं तेव्हा आई नुसती हसली. एकीला शिंपला, दुसरीला दहा पाय, आणि म्हणे एका घरातल्या. पण एका रविवारी, दादाने वाशीहून मोठी कोलंबी आणली होती, किंमत ऐकून वहिनी दोन मिनिटं बोलली नव्हती, सुक्कं ताटात पडलं होतं, आणि पुतणी म्हणाली, "कोलंबी आणि झुरळ एकाच फायलममध्ये येतात. आर्थ्रोपोडा. दोघांना जोडलेले पाय, दोघांच्या अंगावर कायटिनचं कवच."

दादाचा हात ताटावरच थांबला. वहिनीने ताट पुढे सरकवलं. आबा तेवढे जेवत राहिले, त्यांना ऐकू कमी येतं. त्या दिवसापासून आमच्याकडे जेवताना वर्गीकरणाला बंदी आहे. वनस्पतींचं चालतं.

झुरळाचं आणखी एक. अकरावीच्या पुस्तकात त्याच्यावर स्वतंत्र धडा आहे. त्याच्या हृदयाला तेरा कप्पे असतात, आपल्याला चार. डोकं उडवलं तरी ते आठवडाभर जगू शकतं, कारण मज्जासंस्थेचा मोठा भाग खाली पोटाच्या बाजूने पसरलेला असतो. ही माहिती पुतणीने वहिनीला ओट्यापाशी, चप्पल हवेत असताना दिली. वहिनीने नेम बदलला. शिक्षणाचा घरात प्रत्यक्ष उपयोग झाला तो एवढाच.

ठाण्याची खाडी हा तर अर्धा अभ्यासक्रमच. पुस्तकात खारफुटीची श्वसनमुळं आहेत, चिखलातून उलटी वर येणारी. फांदीवरच रुजणारी बी आहे, तिला ऱ्हायझोफोराचं उदाहरण दिलंय, म्हणजे आमचा कांदळ. आमच्या बाजूच्या खाडीत तिवरच जास्त, पण पेपरात ऱ्हायझोफोराच लिहायचं असतं, तिवराला गुण मिळतील याची खात्री नाही. २०१५ साली या खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली तो रामसर स्थळांच्या यादीत गेला, आणि नवी मुंबईच्या चौकाचौकांत फ्लेमिंगोचे पुतळे उभे राहिले. खरा फ्लेमिंगो शेवाळातल्या कॅरोटिनॉइडमुळे गुलाबी होतो. पुतळा पालिकेच्या ठेकेदारामुळे.

तर या खाडीची सहल निघाली, ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात. पुतणी परतली ती हरखूनच. चिखलात उड्या मारणारा मासा पाहिला, पाण्याबाहेर ओल्या कातडीतून श्वास घेतो, डोळे डोक्यावर, इंग्रजीत मडस्किपर. तिने मोबाईलवर फोटो दाखवला. आबांनी चष्मा लावून बघितला. ती निवटी होती. तरुणपणी आबांनी शेकड्यांनी पकडलेली, गुडघाभर चिखलात, बिळात हात घालून.

"तिकीट कारून गेलेली?"

हो.

"पैसं देऊन बगून आली. आनली का नाय?"

संरक्षित क्षेत्र म्हणजे काय, हे त्यानंतर अर्धा तास चाललं. आबांना मुद्दा पटला नाही, पण फोटो त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतला.

प्रॅक्टिकलपैकी घरात फक्त एकाच प्रयोगाला उत्साहाने मदत मिळाली: पालकाच्या पानांतून डीएनए काढणे. साहित्य: पालक, मीठ, भांडी घासायचा लिक्विड साबण आणि थंडगार अल्कोहोल. शेवटचा शब्द ऐकून चौथ्या मजल्यावरून एक काका स्वतःहून खाली आले. त्यांच्याकडे फ्रीजमध्ये तयार होतं. त्यांच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं होतं, प्रयोगाला त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. एवढं पाणी त्यात असतं हे कळल्यावर काका बराच वेळ दुखावलेले होते.

लग्नसराईत अभ्यास होत नाही, ही तक्रार आमच्याकडच्या प्रत्येक पोराची. हळदीचा डीजे रात्री दहाला बंद व्हावा असा नियम आहे आणि प्रदूषणाच्या धड्यात डेसिबलचे आकडे आहेत, दोन्हीचा डीजेशी परिचय नाही. पुतणीने यावर काढलेला उपाय म्हणजे हळदीतच उजळणी. मंडपात धवलारीण गात होती, बायका नवरीला हळद लावत होत्या, आणि ही शेजारणीला सांगत होती की हळद हे मूळ नाही, जमिनीखालचं खोड आहे, ऱ्हायझोम. नारळ फुटला तेव्हा ती म्हणाली, पाणी म्हणजे एंडोस्पर्म, ट्रिप्लॉइड, गुणसूत्रांचे तीन संच. धवलारीण गाता गाता थांबली, तिने हिच्याकडे पाहिलं आणि पुढचं कडवं घेतलं. एवढे धवले पाठ असलेल्या बाईला घोकणाऱ्या पोरीबद्दल आदर वाटला असावा, किंवा कीव.

मग तिसरा धडा आला, इन्हेरिटन्स अँड व्हेरिएशन, आणि आबा पहिल्यांदा खुर्ची ओढून अभ्यासाला बसले. वाटण्यांचा विषय त्यांचा. मेंडेलचे वाटाणे त्यांनी नीट ऐकून घेतले. गोल-पिवळा आणि सुरकुतलेला-हिरवा यांचा संकर, पहिली पिढी सगळी गोल-पिवळी, दुसऱ्या पिढीत ९:३:३:१. म्हणजे सुरकुतलेल्या-हिरव्याच्या वाट्याला काय आलं? सोळातला एक. आबांना टक्के हवे होते. पुतणीने केले: सव्वासहा.

"साडेबाराचं निम्मं!" आबा उसळले.

जमीन गेलेल्या माणसाला तिच्या साडेबारा टक्क्यांइतका विकसित भूखंड, ही योजना बोनकोड्यात बाराखडीच्या आधी शिकतात. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार कापले की हातात पावणेनऊ पडतात. आबांनी पुढचा प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला: त्या हिरव्या वाटाण्याच्या सव्वासहातून सोयींसाठी किती कापतात?

रक्तगटांपाशी त्यांची कळी खुलली. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक असा रक्तगट शोधला की तपासणीत तो ओ दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही, त्याच्यासारख्याचंच लागतं. नाव पडलं बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव १९९५ साली बदललं, रक्तगटाचं बदललं नाही. नवी मुंबईचा वेगळा कधी निघणार, हे आबांनी विचारलं. प्रत्येक गोष्ट आपल्याकडे उशिरा येते, असं त्यांचं मत आहे.

वाटणीत बायकांचं काय, हा प्रश्न आईने काढला. पुतणीने सांगितलं, अर्धी गुणसूत्रं आईकडून, अर्धी बापाकडून, मुलगा असो की मुलगी, काटेकोर. कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हिस्सा देशभर २००५ साली आला. आमच्या ताईने तर तिचा हिस्सा भावांसाठी हक्कसोड पत्रावर सही करून सोडलाय, पेढे खाऊन. मात्र आबांचं नाक तिच्याकडे तसंच आहे, ते सोडायची सोय कुठल्याही निबंधक कार्यालयात नाही. आणि यावर कडी म्हणजे मायटोकाँड्रिया. त्यातला डीएनए फक्त आईकडून येतो. आमच्या आईचा तिन्ही मुलांना आला, पण दादाकडून पुतणीला आला नाही, तिला वहिनीचा आला. पुढे चालू राहिला तो एकट्या ताईच्या मुलींत. जमीन आमच्याकडे राहिली, मायटोकाँड्रिया सासरी गेला. आई चार दिवस नातीशी तुटक बोलत होती.

त्याच महिन्यात जात पडताळणीचा अर्ज भरायचा होता. आम्ही आगरी, ओबीसी. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, पणजोबांपर्यंतची वंशावळ लागते, तीही बापाच्या बाजूची. मायटोकाँड्रियाला तिथे कोणी विचारत नाही. वंशावळ काढायचं काम पुतणीने आनंदाने घेतलं, कारण पेडिग्री चार्ट हा परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाची आडवी रेघ, मुलांची उभी. पण पेडिग्री नुसता काढून काय उपयोग, त्यात एखादं लक्षण पाहिजे. तिने जीभ वळवणं घेतलं. जिभेच्या कडा वर वळवून नळी करता येणं हे एकाच जनुकाचं काम, असं आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने १९४० साली मांडलं होतं. पुढे हुबेहूब जुळ्यांतसुद्धा एकाला जमतं आणि एकाला नाही असं आढळलं आणि त्याने स्वतःच ते मागे घेतलं. तरी क्लासच्या नोट्समध्ये ते अजून सुखाने नांदतंय. तर रविवारी सकाळी चारही मजल्यांची माणसं ओटीवर ओळीने बसली होती आणि जिभा बाहेर काढून दाखवत होती. गल्लीतून जाणाऱ्या दूधवाल्याने सायकल थांबवली. त्यालाही जमली.

अर्जासोबत चुकून तोच कागद गेला. कार्यालयातल्या साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. पाच पिढ्या, शिसपेन्सिलने आखलेल्या, काही चौकोन कोरे, काही काळे केलेले.

"हे काळे म्हणजे वारलेले का?"

दादा शेजारी आबांना घेऊन उभा होता. आबांचा चौकोन काळा होता. आबा साहेबांकडे बघत होते.

"नाही सर," पुतणी म्हणाली, "ज्यांना जीभ वळवता येते ते."

साहेबांनी चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं. सही-शिक्क्यानिशी साधी वंशावळ उद्या आणून द्या म्हणाले आणि फाईल मिटली. मग खुर्ची जराशी भिंतीकडे फिरवून त्यांनी तोंडासमोर रुमाल धरला. बऱ्याच वेळाने वळून त्यांनी विचारलं, "कडा दोन्ही वर यायला लागतात, की एक चालते?"